हेराल्डच्या टू-डोअर चासीवर फोर-डोअरची बॉडी बसेल का? (कोल्हापूर)

तांबडा_पांढरा:

नमस्कार मंडळी, जरा लांबडं लिहितोय, सांभाळून घ्या. घरची १९६४ ची स्टँडर्ड हेराल्ड आहे, दोन दारांची, आजोबांनी घेतलेली. आरसी वडिलांच्या नावावर आहे. गाडी शिरोळ तालुक्यात शेतातल्या शेडमधे उभी असायची आणि २०१९ च्या ऑगस्टात महापूर आला तेव्हा पाणी पार शेडच्या आढ्याला लागलं. पाणी उतरल्यावर माणसं घरं सावरत होती, गाडीकडं कोण बघतंय. गाळ भरलेला तसाच राहिला आणि नंतर वाळून त्याचा दगड झाला.

आता गाडी कोल्हापुरात आणलीय, बॉडी चासीवरून (खालच्या लोखंडी सांगाड्यावरून) उचलून बाजूला ठेवलीय. चासी बघून सगळे म्हणतात चांगली आहे, वरवर गंज आहे, हातोडी मारली तर आवाज टणक येतो. बॉडीचं मात्र वाटोळं झालंय. पुढचं फ्लोअर दोन्ही बाजूंनी गेलंय, सिल (दाराखालच्या पट्ट्या) हातात येतात, फायरवॉलची (इंजिन आणि बसायच्या जागेमधल्या भिंतीची) खालची कड जाळीसारखी झालीय, डिकीचा तळ दिसतोय पण त्यातून जमीनपण दिसते. छत, बॉनेट, दारं आणि मागचे मडगार्ड ठीक आहेत, डेंटरच्या भाषेत 'होऊन जातंय'.

तर मुद्दा असा की मिरजेकडं एका गोडाऊनात हेराल्ड मार्क थ्रीची फोर-डोअर बॉडी पडून आहे, खाली चासी नाही, कागद नाहीत, मालक म्हणतोय वजनावर देतो. पत्रा आमच्यापेक्षा पुष्कळ बरा. पुढच्या चाकाच्या कमानीच्या मध्यापासून मागच्या कमानीच्या मध्यापर्यंत टेप लावला तर साधारण साडेएक्याण्णव इंच येतंय, आमच्या चासीचा व्हीलबेसपण तेवढाच. मग ही बॉडी आमच्या चासीवर सरळ बसेल का? का अजून कुठं दोन दारी बॉडी मिळेल? एका गॅरेजवाल्यानं तर सांगितलं की फियाटची बॉडी बसवून देतो म्हणून. एकानं अख्खी गॅझेल (हेराल्डनंतरची स्टँडर्डचीच गाडी) घ्या म्हणून सांगितलं. डोक्याचा भुगा झालाय, कुणी हे काम केलं असेल तर सांगा.

उद्यमनगर_गल्ली_नं_४:

भावा पयलं ते फियाटवाल्याला हात जोड आणि घरी जा 😄 फियाट अकराशे काय नि पद्मिनी काय, त्यांना चासीच नसती, बॉडी हीच चासी. ॲम्बॅसेडरचं पण तसंच. ती बॉडी दुसऱ्या चासीवर ठेवायची म्हणजे तिचा तळ कापायचा आणि मग ना हेराल्ड ना फियाट. असलं काम करणारं गॅरेज पैसे आधी मागतंय आणि गाडी दोन वर्षं देत नाही.

आता खरं विचारतो, चासी चांगली हाय असं 'सगळे म्हणतात' म्हणजे कोण म्हणतंय? मोजलीस का? हातोडीचा आवाज सगळं सांगत नाही. सपाट फरशी बघ, चासी चार स्टँडवर घे, पाण्याच्या लेव्हल पाइपनं चारी कोपरे एका उंचीला आण. मग डाव्या उजव्या बाजूचे सारखे बोल्टचे होल धरून ओळंबा सोड, फरशीवर खडूनं फुल्या मार, आणि तिरके कर्ण मोज. पुढचा डावा ते मागचा उजवा, पुढचा उजवा ते मागचा डावा. दोन्ही कर्णांत पाव इंचापेक्षा जास्त फरक आला तर बॉडीचं नाव काढू नको, आधी चासी सरळ कर. चासी वाकडी असंल तर जगातली कुठलीबी बॉडी आण, दार लागणार नाही आणि मग डेंटरला शिव्या घालत बसशील.

हेराल्डला मधून जाणारे दोन मुख्य बॉक्स असतात आणि त्याला बाजूला फाटे फुटलेले असतात, आउटरिगर म्हणतात त्याला. बॉडीचं वजन त्या फाट्यांवर आणि बाजूच्या रेलवर येतं. गंज पण तिथंच धरतो. फायरवॉलखालचे दोन आणि डिकीखालचे दोन, हे चार फाटे स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघ. आणि पुराचा गाळ बॉक्सच्या आत असणारच, बाहेरनं दिसत नाही. जी होलं आहेत त्यातनं प्रेशरचं पाणी मार, पाणी निवळ येईस्तोवर मारत राहा. लई लोक हे विसरत्यात आणि वरनं झकास रंग देत्यात, मग आतनं पावसाळ्यात परत सडतंय.

रिकामटेकडा_रंकाळा:

माझं ऐका, छत काढा आणि कन्व्हर्टिबल करा. हेराल्डचं छत बोल्टवर असतं, दोन माणसांनी उचलतंय. रंकाळ्यावर संध्याकाळी राउंड मारायचा, नाद खुळा. नाहीतर ती चासी विका आणि जीप घ्या, जीपची नवी बॉडी पार डबवालीवरून ट्रकनं येते, ऐंशी इंची म्हणा, एक्याण्णव इंची म्हणा, सांगाल ती.

जुनं_लोखंड (पुणे):

वरच्या जीपवाल्या मित्राचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका, त्यात एक खरी गोष्ट आहे. जीपला बॉडी मिळते कारण जीपची मागणी कधी संपलीच नाही आणि मंडी डबवालीत पत्रा अजून ठोकला जातो. हेराल्डची अख्खी बॉडी कुणी बनवत नाही, जुन्यातूनच मिळवावी लागते. छताबद्दल मात्र त्यांचं ऐकू नका. छत बोल्टवर आहे हे खरं, पण कारखान्यातून कन्व्हर्टिबल म्हणून निघालेल्या गाडीची मागची बाजू सलूनसारखी नव्हती, नुसतं छत उचललं की झाली कन्व्हर्टिबल असं होत नाही. शिवाय गंजलेल्या टबवरून (बॉडीच्या खालच्या भागावरून) छत काढलं तर दारांची मापं दुसऱ्या दिवशी बदललेली दिसतील.

आता तांबडा पांढरा, तुमच्या प्रश्नाकडे येतो. तुमचा प्रश्नच मला जरा चुकीच्या टोकाकडून विचारलेला वाटतो. तुम्ही बॉडी शोधताय. हेराल्डला 'बॉडी' अशी एक वस्तूच नाही. ही गाडी १९५९ साली इंग्लंडात आली तेव्हा बाकी सगळे मोनोकॉककडे (वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी) वळले होते आणि हिला मुद्दाम वेगळी चासी दिली, त्यामागं कारण होतं. स्टँडर्ड-ट्रायम्फला बॉडी पुरवणारी फिशर अँड लडलो कंपनी १९५३ मधे बीएमसीनं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) विकत घेतली, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या हातात गेली. मग एवढी मोठी एकसंध बॉडी दाबून देणार कोण? म्हणून मिकेलॉटीनं डिझाइन केलेली ही गाडी तुकड्यातुकड्यात बनवली, वेगवेगळ्या ठिकाणी तुकडे दाबायचे आणि शेवटी बोल्टनं जोडायचे. पुढचं अख्खं नाक बॉनेट-मडगार्डसकट पुढं उघडतं ते त्यामुळंच. फायरवॉल आणि पुढचं फ्लोअर हा एक तुकडा, मागचा टब हा दुसरा, छत तिसरा, सिल बोल्टवर, डिकीचं झाकण वेगळं. मद्रासला १९६१ पासून बनायला लागली तीही अशीच.

याचा तुमच्यासाठी अर्थ असा की तुमची बॉडी गेलेली नाही, तुमचा पुढचा तुकडा गेलाय, सिल गेलेत आणि डिकीचा तळ गेलाय. छत, बॉनेट, दारं, मडगार्ड चांगले आहेत असं तुम्हीच लिहिलंय. दारं चांगली असणं ही या गाडीत लॉटरी आहे, खालची कड कुणाची राहत नाही.

फोर-डोअर बसेल का? भारतातच बनलेली ती गाडी, बाहेर कुठं चार दारी हेराल्ड नव्हती. व्हीलबेस जुळतोय म्हणजे बसेल असं गॅरेजवाले सांगतील, पण व्हीलबेस म्हणजे चाकांमधलं अंतर, बॉडी चाकांवर नाही बसत, माउंटवर बसते, म्हणजे चासीला ती बोल्टनं जोडतात त्या जागांवर. चार दारांमुळं बी-पिलर (पुढच्या दारामागचा खांब) पुढं सरकलेला असतो, त्यामुळं मधल्या माउंटची जागा तुमच्या आउटरिगरवर येते की नाही ते एकेक करून मोजा. बसली तरी तुमची चांगली दारं, काचा, छत सगळं भंगारात जाईल कारण त्यातलं काही तिच्यावर लागणार नाही. मग राहिलं काय आजोबांच्या गाडीतलं? चासी आणि इंजिन.

गॅझेलचं विचाराल तर ती १९७२ ची. मागं लाइव्ह ॲक्सल (दोन्ही चाकांना एकच सलग दांडा) टाकला होता कारण हेराल्डचा स्विंग ॲक्सल (प्रत्येक चाक वेगळं हलणारा) आपल्या मेकॅनिक लोकांना कधी आवडला नाही. तुमच्या गाडीत मागच्या सीटमागं आडव्या पाट्याचं (स्प्रिंगचं) झाकण आहे ना, त्याच्याखालचं सगळं तिच्यात वेगळं. त्यामुळं तिचा मागचा पत्रा तुमच्या चासीशी जुळेल असं धरून पैसे देऊ नका. पुढच्या तुकड्यासाठी बघायला हरकत नाही, तेही मोजूनच.

तांबडा_पांढरा:

सर हे तुकड्यांचं कुणीच सांगितलं नव्हतं, सगळे बॉडी बॉडीच म्हणत होते. काल परत जाऊन बघितलं, पुढच्या सीटखाली आडवी बोल्टची लाइन आहे, गाळानं भरलेली होती म्हणून दिसली नव्हती. चासीचे कर्णपण मोजले, फरक आहे पण पाव इंचाच्या आत. डावा डिकीखालचा फाटा टोचला तर स्क्रूड्रायव्हर आत गेला. बाकी तीन ठीक.

मग मिरजेच्या बॉडीतून फक्त फ्लोअर आणि फायरवॉल काढून घ्यायचं का? दोन दारी आणि चार दारीचा पुढचा तुकडा सारखा असतो का?

जुनं_लोखंड (पुणे):

फायरवॉलचा खालचा भाग आणि पाय ठेवायची जागा घेण्यासारखी वाटते, पण ए-पिलरपासून (पुढच्या काचेजवळचा खांब) मागं जाताना दार लहान असल्यानं सगळं बदलणार. तुम्हाला हवाय फक्त खालचा पत्रा, पिलर तुमचेच ठेवायचेत. कार्डबोर्डचा साचा बनवा, तुमच्या फ्लोअरचा जेवढा शाबूत आहे तेवढा आणि डाव्या-उजव्याचा आरसा करून उरलेला, आणि तो साचा घेऊन मिरजेला जा. जुळला तर घ्या. वजनावर देतोय म्हणजे नुकसान नाही.

फ्लोअर, सिल, आउटरिगर यांचे नवे पत्रे इंग्लंडमधे अजून मिळतात, तिकडं ट्रायम्फ स्पोर्ट्स सिक्स क्लब म्हणून मोठा क्लब आहे, हेराल्ड त्यांच्याच गोतावळ्यातली. पण जहाजाचं भाडं आणि कस्टम धरलं तर कोल्हापुरात डेंटरकडून बनवून घेतलेलं परवडतं. सिल आधी मागवा वाटलं तर, कारण दाराखालची ती रेघ सरळ दिसली पाहिजे आणि हातानं ठोकलेली क्वचित सरळ येते.

उद्यमनगर_गल्ली_नं_४:

फ्लोअर इथं होतंय की. ह्या गावात बाबूराव पेंटरांनी कॅमेरा बनवला, तुझं फ्लोअर बनवायला काय लागतंय. सीआरसी (थंड लाटलेला) पत्रा घे, १८ गेज फ्लोअरला, बाहेरच्या दिसणाऱ्या भागाला २० गेज. जीआय (जस्त चढवलेला) घेऊ नको, वेल्डिंगला जस्ताचा धूर निघतो आणि फुफ्फुसाला वाईट. फ्लोअरला ज्या खोबणी असतात, उंच-सखल पट्ट्या, त्या शोभेला नसत्यात, पत्रा थरथरू नये म्हणून असत्यात, त्या दाबून घे. सपाट पत्रा टाकलास तर गाडी चालू झाली की ढोल वाजतोय.

आणि शॉट ब्लास्टिंगचं सांगून ठेवतो, कारण शिरोलीत, गोकुळ शिरगावात फाउंड्रीवाल्यांकडं मशीन आहेत आणि कुणीतरी सांगणारच की तिथं दे म्हणून. चासी दे, बिनधास्त. बॉडीचा पत्रा देऊ नको! ती मशीन बिडाचं कास्टिंग साफ करायला असतीय, त्यातले लोखंडी छर्रे २० गेजच्या पत्र्याला असं मारत्यात की मडगार्डचा पापड होतोय. बॉडीला केमिकलनं रंग काढ नाहीतर हातानं घास. चासी दिलीस तरी बॉक्सची होलं टेप लावून बंद कर, नाहीतर पुराचा गाळ काढला आणि छर्रे भरले असं होईल.

बोल्टचं पण ऐक. ह्या गाडीला जुने इंची बोल्ट, यूएनएफ आटे जास्त. मेट्रिक बोल्ट दोन आटे बसतोय आणि मग अडकतोय, पोरगं पाना मारून बसवतंय आणि आतला नट फिरतोय. आतला नट फिरला की फ्लोअर परत कापायचं.

कायदा_आणि_कार्बोरेटर:

सगळे पत्र्यात रमलेत म्हणून कागदाचं मी लिहितो.

तांबडा पांढरा, तुमची गाडी पन्नास वर्षांच्या वरची आहे, त्यामुळं उद्या तुम्हाला व्हिंटेज नोंदणीचा मोह होणार. जुलै २०२१ मधे केंद्रानं मोटार वाहन नियमांत ते कलम आणलं. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण झालेली दुचाकी-चारचाकी, नंबरमधे 'व्हीए' येतं, नव्या नोंदणीची फी २० हजार, दहा वर्षांची मुदत, पुढं ५ हजारात पाच वर्षं वाढवून मिळते. पण व्याख्येतली अट वाचा. गाडी मूळ स्वरूपात असली पाहिजे, आणि चासी किंवा बॉडी शेल किंवा इंजिन यात बदल म्हणजे मोठा फेरफार धरला आहे. दोन दारीवर चार दारी शेल ठेवलं की तुम्ही त्या व्याख्येच्या बाहेर. गंजलेल्या जागी त्याच मापाचा पत्रा घालणं ही दुरुस्ती आहे असं तुम्हाला मांडता येईल, म्हणून आत्तापासून फोटो काढत जा, कापण्याआधी, कापताना, बसवताना. आणि व्हिंटेज नोंदणी घेतली की गाडी रोज भाजी आणायला नाही नेता येत, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला एवढंच.

व्हिंटेज नको, साधी आरसीच चालवायची, तरी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. उत्पादकानं दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनशी आरसीवरचा तपशील जुळला पाहिजे, नाहीतर फेरफार बेकायदा. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मधे केरळच्या केसमधे हेच ठणकावून सांगितलं. कन्व्हर्टिबलवाल्यांनीही वाचावं.

मिरजेच्या शेलबद्दल. कागद नाहीत म्हणताय. भंगार म्हणून पत्रा घेताय तरी साध्या कागदावर का होईना पण विकणाऱ्याच्या सहीची पावती घ्या, त्याच्या ओळखपत्राची प्रत घ्या, आणि शेलवर कुठं नंबरची पट्टी असेल तर तिचा फोटो काढून ती तशीच सोडा. गाडी कायमची मोडीत निघाली की चौदा दिवसांत आरटीओला कळवून आरसी जमा करायची असते, कलम ५५, ते त्या मालकानं केलं होतं का विचारून बघा, बहुतेक उत्तर 'कुठली आरसी' असंच येईल. तुमच्या चासीवरचा नंबर मात्र डोळ्यात तेल घालून जपा. ब्लास्टिंगला देताना त्या जागेवर जाड टेप, आणि देण्याआधी पेन्सिल घासून कागदावर छाप. तो नंबर पुसट झाला तर बॉडी कितीही सुंदर बसवा, इन्स्पेक्शनला उभं राहून काय दाखवणार.

वडिलांच्या नावावरची आरसी रिन्यू आहे का तेही बघून घ्या. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी करावी लागते.

तांबडा_पांढरा:

आरसी २०१७ ला रिन्यू केलेली, म्हणजे संपलीय. ते करतो. चार दारीचं खूळ डोक्यातून काढलं. साचा घेऊन मिरजेला गेलतो, पाय ठेवायची जागा आणि फायरवॉलची खालची कड डावीकडं जुळली, उजवीकडं पेडलच्या वर थोडं वेगळं वाटलं, पण घेतलं, पावती घेतली. बाकी फ्लोअर उद्यमनगरात बनवायला टाकतोय.

शेवटचा प्रश्न. वेल्डिंग चासीवर बॉडी ठेवून करायचं का खाली जमिनीवर? डेंटर म्हणतोय खाली बरं पडतंय, चारी बाजूनं हात पोचतो.

उद्यमनगर_गल्ली_नं_४:

चासीवर. चासीवरच. त्याला सांग तुझा हात पोचंना झाला तर बॉडी आणि चासी दोन्ही उचलून घे पण वेगळं करू नको. फ्लोअर कापायच्या आधी दाराच्या मोकळ्या जागेत पाइपची तिरकी कैची टॅक (तात्पुरत्या वेल्डिंगचे टाके) मार, ए-पिलर ते बी-पिलर, दोन्हीकडं, आणि आडवी एक डाव्या ते उजव्या पिलरला. मग चासीवर ठेव, माउंटचे बोल्ट हातानं लाव, दारं अडकव, दाराच्या फटी सारख्या झाल्या का बघ. नसल्या तर माउंटखाली शिम (पातळ चकत्या) घालून आण. फटी जमल्यावर टॅक, परत दार लावून बघ, मग पक्कं वेल्डिंग, तेही इंच इथं इंच तिथं असं, सलग ओढत जाऊ नको. आणि हे सगळं जुन्या रबर पॅडवर करू नको, ती पुरात फुगलेली असतील.

जुनं_लोखंड (पुणे):

याला पूर्ण अनुमोदन. डावा फाटा आधी बदला पण, चासी आत्ता सुटी आहे तोवर. आणि पॅडबद्दल, काढताना प्रत्येक माउंटखाली किती जाडीचं पॅड आणि किती शिम होते ते लिहून ठेवलंय का? कारखान्यातच प्रत्येक गाडीला वेगवेगळे घातलेले असायचे.

तांबडा_पांढरा:

पॅड पिशवीत भरून ठेवलेत, प्रत्येकावर मार्करनं नंबर टाकून. दोन ठिकाणी नुसता गाळ होता, तिथं किती होतं कळायला मार्ग नाही.

उद्यमनगर_गल्ली_नं_४:

मग त्या दोन ठिकाणी समोरच्या बाजूच्या जाडीनं सुरू कर आणि दार सांगेल तसं कमी-जास्त कर. पॅडला कन्व्हेयर बेल्टचं रबर कापून घे, साखर कारखान्याच्या भंगारात मिळतंय, आत कापडाचे थर असतात म्हणून दबत नाही.